काळ्या रानातील स्फुरदाचा हिशेब

यवतमाळहून अमरावतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले नेर, ज्याला लोक अद्यापही नेर परसोपंत अशा पुऱ्या नावाने ओळखतात, हे काळ्या मातीच्या मुलखातले तालुक्याचे ठिकाण; आणि मृगाचे पहिले पाणी पडून रानात वाफसा आला, की येथल्या कृषी केंद्रांच्या पायऱ्यांवर जी वर्दळ सुरू होते, तिच्यात बियाण्याच्या खालोखाल एकाच वस्तूचे नाव जो तो घेत असतो. 'दोन बॅगा डीएपी द्या, भाऊ,' हे वाक्य सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ऐकू येते. मग माल आला नाही, आला तर पुरेसा नाही, पुरेसा असला तर त्याच्यासोबत नको असलेली एखादी बाटली किंवा पिशवीही घ्यावी लागेल, अशी उत्तरे मिळतात, आणि 'लिंकिंग' हा शब्द महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांच्या बोलीत कायमचा मुक्कामाला आला तो याच व्यवहारापायी. इतक्या खटपटीने, पुष्कळदा कर्जाऊ रकमेतून मिळविलेले हे खत मातीआड झाल्यावर त्याचे नेमके काय होते, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही. आणि विचारलाच, तर कृषिशास्त्राकडून मिळणारे पहिले उत्तर मोठे निराशाजनक असते.

गोणी ५० किलोची असते, आणि तिच्यावर छापलेल्या १८:४६:० या आकड्यांचा अर्थ तीत ९ किलो नत्र व २३ किलो स्फुरद आहे असा होतो. परंतु हे २३ किलोदेखील रसायनशास्त्रज्ञांच्या जुन्या रिवाजाप्रमाणे ऑक्साइडच्या रूपात मोजलेले असल्यामुळे, त्यातले मूलद्रव्य तेवढे धरले तर जेमतेम १० किलो भरते. ज्वारी किंवा गहू यांच्यासारखे तृणधान्य, ज्या हंगामात खत पेरले त्या हंगामात, या १० किलोंपैकी सर्वसाधारणपणे १५ ते २० टक्के उचलते, म्हणजे गोणीमागे दीड-दोन किलो. नत्राच्या बाबतीत हे प्रमाण ३० ते ५० टक्के असते, पालाशाचे त्याहूनही बरे असते. तेव्हा कार्यक्षमतेच्या पंक्तीत स्फुरदाला अगदी शेवटचे पान मिळावे, आणि उरलेले ८० टक्के पाण्यात गेले असे शेतकऱ्याने समजून चालावे, यात नवल काही नाही.

माझ्या मते हा समज अर्धवट आकड्यावर उभा आहे. स्फुरदाचा हिशेब एका हंगामावर मांडला की तो चुकतो, आणि हा चुकलेला हिशेब एकीकडे शेतकऱ्याला दरवर्षी गरज नसताना गोणी घ्यायला लावतो, तर दुसरीकडे जेथे खरोखर गरज आहे तेथे केवळ युरियावर भागवण्याचा मोह पाडतो.

उरलेले ८० टक्के जातात कोठे, हे पाहण्यासाठी एकदा मातीतच उतरले पाहिजे. पेरणीनंतर महिनाभराने डवरणी करताना सुपर फॉस्फेटचे दाणे पुष्कळदा ढेकळांतून वर येतात, बोटांत धरले तर आकारही तोच दिसतो, आणि मग धुऱ्यावर उभा असलेला म्हातारा ते हातावर घेऊन म्हणतो, 'हे पाहा बाप्पा, खत तं जसंच्या तसं हाये!' त्याच्या डोळ्यांना दिसते ते खरे असते, पण तो दाणा आता आतून पोकळ झालेला असतो. पाण्यात विरघळणारे स्फुरद पहिल्या काही दिवसांतच ओल शोषून बाहेर पडलेले असते, आणि मागे राहिलेला भाग मुख्यत्वेकरून जिप्समचा सांगाडा असतो. बाहेर पडलेला अतितीव्र द्रव सभोवतालच्या मातीत फार तर दोन-तीन सेंटिमीटर पसरतो, आणि तेथे त्याची गाठ पडते ती चुन्याशी. बेसॉल्टच्या खडकापासून झालेली ही काळी माती अल्कधर्मी, आणि तिच्यात पांढऱ्या चुनखडीचे खडे नांगरटीच्या वेळी सहज नजरेस पडावेत इतके विपुल. त्यामुळे कॅल्शियम आणि स्फुरद यांचा संयोग झाल्याशिवाय राहत नाही. प्रथम तयार होणारी संयुगे बऱ्यापैकी विरघळणारी असतात, काही महिन्यांनी ती कमी विरघळणाऱ्या रूपात जातात, आणि अनेक वर्षांनंतर त्यांचा काही अंश खडकातल्या मूळ ॲपेटाइटच्या जवळपास जाऊन पोहोचतो. नत्राप्रमाणे स्फुरदाचा वायू होऊन ते हवेत उडत नाही, आणि निचऱ्याच्या पाण्याबरोबर झिरपून विहिरीतही फारसे उतरत नाही. धुपून गेलेल्या मातीसोबत जाते तेवढेच काय ते शेताबाहेर पडते. उरलेले सारे त्याच वावरात, नांगराच्या तासाच्या खोलीत, पडून असते.

पडून असले तरी पिकाच्या मुखी ते सहजासहजी पडत नाही, याचे कारण समजण्यासाठी एक ढोबळ गणित पुरेसे आहे. एका हेक्टरच्या वरच्या थरातली माती अदमासे वीस लाख किलो धरली, आणि चांगल्या वाफशाच्या वेळी तिच्यात पाच लाख लिटर पाणी आहे असे मानले, तर त्या पाण्यात लिटरमागे एक दशांश मिलिग्रॅमच्या आसपास स्फुरद विरघळलेले असते. म्हणजे कोणत्याही एका क्षणी साऱ्या हेक्टरात मुळांना प्रत्यक्ष पिता येण्याजोगे स्फुरद सुमारे ५० ग्रॅम, मूठभर म्हणावे इतके! पिकाला मात्र हंगामात मूलद्रव्याच्या हिशेबाने दहा किलोंच्या घरात लागते. याचाच अर्थ असा, की मातीने ही मूठ रिती होताच पुन्हा भरावी आणि असे हंगामात शेकडो वेळा करावे, तेव्हा कोठे दाणा भरतो. त्यात भर म्हणजे स्फुरद मातीच्या पाण्यातून इतके सावकाश सरकते, की मुळाला आपल्या भोवतालच्या एक-दोन मिलिमीटरच्या कड्यातलेच ते मिळते. ते संपले की मुळालाच पुढे जावे लागते. म्हणून स्फुरदाची सारी कथा ही मुळांच्या लांबीची, केशमुळांच्या दाटीची, आणि मुळांना चिकटून राहणाऱ्या मायकोरायझा बुरशीच्या तंतूंची कथा आहे.

हे द्रव्य माणसाच्या हाती लागले तो इतिहासही थोडा विचित्रच आहे. १६६९ साली हॅम्बुर्ग येथील हेनिग ब्रांट नावाच्या किमयागाराला, मूत्रापासून सोने काढण्याच्या खटाटोपात, अंधारात चमकणारे फॉस्फरस सापडले. त्याचे खत होण्यास मात्र १८४२ साल उजाडावे लागले, जेव्हा इंग्लंडातील जॉन बेनेट लॉझ याने गंधकाम्लाने सुपर फॉस्फेट बनविण्याचे पेटंट घेतले. आपल्याकडे १९०६ साली तामिळ प्रांतातील राणीपेट येथे सुपर फॉस्फेटचा पहिला कारखाना निघाला. त्याच्याही आधी, १८८९ साली सरकारने बोलाविलेले कृषिरसायनतज्ज्ञ डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी देशभर हिंडून जो अहवाल १८९३ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात या देशातील हाडे जहाजांत भरून परदेशी रवाना होत असल्याची चर्चा आहे. हाडे म्हणजे स्फुरदच. धान्य बाजारात, शेण चुलीत आणि हाडे बंदरावर, अशा तिन्ही वाटांनी शेताची शिल्लक बाहेर पडत होती, आणि आत येत मात्र काहीच नव्हते.

आता कार्यक्षमता या शब्दाकडे वळू, कारण वादाचे मूळ तेथेच आहे. खतावर खर्च केलेल्या किलोमागे किती किलो धान्य अधिक मिळाले, असा प्रश्न व्यापारी बुद्धीचा मनुष्य विचारील. घातलेल्या अन्नद्रव्यापैकी किती टक्के पिकाच्या अंगी लागले, असा प्रश्न प्रयोगशाळेतला मनुष्य विचारील. आणि या दोघांची उत्तरे एकाच शेताविषयी निरनिराळी येतील. वर सांगितलेले १५ ते २० टक्के हे दुसऱ्या प्रश्नाचे, तेही एका हंगामापुरते उत्तर. ते काढण्याची रीत अशी, की खत घातलेल्या तुकड्यातील पिकाने उचललेल्या स्फुरदातून, खत न घातलेल्या तुकड्यातील पिकाने उचललेले वजा करायचे आणि बाकीला घातलेल्या खताने भागायचे. यातली गोम ध्यानात घेण्याजोगी आहे: खत न घातलेल्या तुकड्याचे पीक ज्या स्फुरदावर जगले, ते गेल्या दहा-वीस वर्षांत घातलेल्या खताचेच उरलेले असू शकते, आणि तरीही या रीतीत ते खताच्या जमेस कधीच धरले जात नाही. सायर्स, जॉन्स्टन आणि कर्टिन या तिघा शास्त्रज्ञांनी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेसाठी २००८ साली लिहिलेल्या पुस्तिकेत हाच मुद्दा उचलून धरला, आणि पिकाने एकंदर उचललेल्या स्फुरदाला घातलेल्या स्फुरदाने भागण्याची साधी रीत लावून दाखविले, की जमिनीतील स्फुरदाची पातळी एकदा योग्य त्या ठिकाणी आली आणि हिशेब अनेक वर्षांचा धरला, तर कार्यक्षमता ८० ते ९० टक्क्यांपर्यंतही जाते. सरकारी खजिन्यात दाखल झालेली रक्कम त्याच दिवशी खर्ची पडली नाही म्हणून ती बुडाली असे कोणी म्हणत नाही. स्फुरदाचे तसेच आहे, फरक इतकाच की हा खजिना उघडण्याची किल्ली मुळांच्या हाती असते.

याचा जगातला सर्वांत जुना दाखला इंग्लंडातील रॉथमस्टेड येथे आहे. तेथील एका शेतात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घातलेले स्फुरद १९०१ साली बंद करण्यात आले. आणि त्यानंतर कित्येक दशके, ज्या तुकड्यांत ते पूर्वी घातले होते तेथील पिके शेजारच्या तुकड्यांहून सरस येत राहिली. परंतु रॉथमस्टेडची माती वेगळी, हवा वेगळी, आणि नेरच्या शेतकऱ्याने त्या दाखल्यावर विसंबावे तरी कशाला? त्याच्या घराजवळचा दाखला अकोल्यास आहे.

डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या अकोला येथील प्रक्षेत्रावर, भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९७० साली देशभर सुरू केलेल्या दीर्घ मुदतीच्या खतप्रयोगांच्या मालिकेत, १९८८ साली एक प्रयोग मांडला गेला. खरिपात ज्वारी आणि रब्बीत गहू, तीच जमीन, तेच तुकडे, आणि दरवर्षी प्रत्येक तुकड्याला तेच खत: एकाला काहीच नाही, एकाला नुसते नत्र, एकाला नत्र आणि स्फुरद, एकाला नत्र, स्फुरद, पालाश तिन्ही, एकाला त्यांची दीडपट मात्रा, एकाला तिन्हींच्या जोडीला शेणखत, आणखी काहींना गंधक वा जस्त यांची भर. असा प्रयोग पाहायला जाणाऱ्यास तेथे चमत्कार काही दिसत नाही; पाट्या लावलेले वाफे आणि त्यांत कमी-अधिक उंचीची ज्वारी, एवढेच. पण एकच प्रश्न वर्षानुवर्षे त्याच मातीला विचारीत राहण्यात जे बळ आहे ते दहा निरनिराळ्या प्रात्यक्षिकांत नाही. नुसत्या नत्रावर ठेवलेल्या तुकड्यातील उत्पादन तिन्ही अन्नद्रव्ये मिळणाऱ्या तुकड्याच्या फार मागे राहिले, आणि तेथील मातीतले उपलब्ध स्फुरद घसरत गेले. जेथे स्फुरद नियमाने दिले गेले तेथे ते साचत गेले. आणि पिकाच्या दृष्टीने व मातीच्याही दृष्टीने सर्वांत वरचा क्रमांक लागला तो रासायनिक खतांच्या जोडीला शेणखत मिळालेल्या तुकड्याचा. शेणखत येथे दुहेरी काम करते: स्वतःचे थोडे स्फुरद आणते, आणि कुजताना जी सेंद्रिय आम्ले निर्माण होतात ती चुन्याने धरून ठेवलेले स्फुरद सैल करतात.

नुसत्या नत्राचा तुकडा मागे का पडला, या प्रश्नावर थोडे थांबणे इष्ट आहे, कारण स्फुरदाचे खरे मोल तेथेच कळते. दाण्यात साठवलेले स्फुरद कोवळ्या रोपाला साधारण दोन आठवडे पुरते. त्यानंतर मातीकडून मिळाले नाही तर रोप खुरटते, ज्वारीच्या खालच्या पानांवर जांभळट झाक चढते, गव्हाला फुटवे कमी येतात, निसवणे लांबते. मुळे आखूड राहिली की त्यांच्या आवाक्यातील नत्र कमी होते. आणि जे नत्र मुळांत शिरते त्याचे प्रथिनांत रूपांतर करण्यासाठी लागणारी ऊर्जा वनस्पतीच्या पेशींत ज्या संयुगाच्या रूपाने खेळते, त्या संयुगाचा गाभाच स्फुरदाचा असल्यामुळे, घेतलेले नत्रही नीट पचत नाही. पिकाने न उचललेला युरिया मातीत वाट पाहत बसत नाही. काही भाग पावसाच्या पाण्याबरोबर खोल उतरतो, आणि भारी काळ्या जमिनीत आठवडाभर पाणी तुंबले तर काही भागाचा वायू होऊन तो निघून जातो. म्हणजे स्फुरदाची एक गोणी वाचविणारा शेतकरी युरियाच्या गोणीचा पैसाही त्याच खाचरात ओततो. स्फुरदाच्या स्वतःच्या टक्केवारीपेक्षा, त्याने नत्राची टक्केवारी किती वर नेली, हे तृणधान्यांच्या बाबतीत अधिक महत्त्वाचे माप मानावे असे मला वाटते, आणि खतांच्या जाहिरातीत ते कधी आढळत नाही.

सरकारी धोरणाने मात्र नेमकी उलट दिशा धरली. १ एप्रिल २०१० पासून अन्नद्रव्याधारित अनुदानाची पद्धत अमलात आली, तेव्हा स्फुरद व पालाश यांच्या खतांचे दर बाजाराच्या हवाली झाले आणि युरिया तेवढा जुन्या नियंत्रणाखाली राहिला. परिणाम असा, की डीएपीची पाचशेच्या आत मिळणारी गोणी दोन-तीन वर्षांत हजाराच्या पार गेली, आणि युरिया होता तेथेच राहिला. मे २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय बाजार भडकला तेव्हा केंद्र सरकारला गोणीमागचे अनुदान ५०० रुपयांवरून एकदम १,२०० रुपयांवर न्यावे लागले. पुढे गोणीचा दर १,३५० रुपये ठरला, तर ४५ किलोंची युरियाची गोणी पावणेतीनशे रुपयांच्या आतच राहिली. इतक्या तफावतीत गव्हाचे पीक पिवळट दिसले की शेतकऱ्याचा हात कोणत्या गोणीकडे जाईल, हे सांगायला अर्थशास्त्री नको. अधिकाऱ्यांनी संतुलित खतांवर व्याख्याने द्यायची आणि दरपत्रकाने असंतुलनाला उत्तेजन द्यायचे, हा प्रकार जितका जुना तितकाच लाजिरवाणा आहे.

परंतु डीएपी न मिळाल्याने स्फुरदच मिळाले नाही असे मानणे हेही तितकेच चुकीचे. साध्या सुपर फॉस्फेटच्या गोणीत १६ टक्के स्फुरद, म्हणजे ८ किलो असते. तीन गोण्या घेतल्या तर एका डीएपीच्या गोणीइतके स्फुरद मिळते, शिवाय सोळा किलोंच्या आसपास गंधक आणि पुष्कळसे कॅल्शियम पदरी पडते. नत्राची तूट वीस किलो युरियाने भरून निघते. गाडीभाडे आणि वाहण्याचे कष्ट अधिक, हे कबूल. पण गंधकाची उणीव असलेल्या रानात हा सौदा डीएपीहून सरस ठरतो. आणखी एक गोष्ट: डीएपीच्या दाण्याभोवतालचा द्रव अल्कधर्मी असतो आणि त्यातून अमोनिया सुटतो, म्हणून तो बियाण्याला अगदी चिकटून पडला तर उगवणीस बाध येतो, आणि पेरणी यंत्राच्या एकाच पेटीत बी आणि डीएपी कालवून टाकण्याची जी घाई दिसते, तिची किंमत विरळ उगवणीच्या रूपाने मोजावी लागते.

पेरणीची जागा हा विषय तर मातीपरीक्षेइतकाच महत्त्वाचा आहे. स्फुरद जागचे हलत नाही हे एकदा कळले, की उभ्या पिकात वरून फेकलेल्या डीएपीचे काय होईल ते वेगळे सांगावे लागत नाही. ते वरच्या दोन बोटे मातीत अडकते, तो थर पाऊस उघडला की वाळतो, आणि वाळलेल्या मातीत मुळे काम करीत नाहीत. तेच खत बियाण्याच्या खाली आणि थोडे बाजूला, दोन-अडीच इंचांवर, ओळीत पडले तर मुळांना ते पहिल्याच आठवड्यात गाठता येते, आणि पट्ट्यात एकवटल्यामुळे चुन्याशी त्याचा संपर्कही कमी येतो. आपल्या जुन्या अवजारांत हे शहाणपण होते. तिफणीमागे सरते धरून चालणारी बाई ज्या नेमकेपणाने तुरीचे दाणे वेगळ्या तासात सोडीत असे, त्याच नेमकेपणाने खतही सोडता येई; दोन चाड्यांची पाभर तर खास बी आणि खत एकाच फेरीत पण निरनिराळ्या नळ्यांतून पेरण्यासाठीच प्रचारात आली. ट्रॅक्टर आल्यावर वेग आला, खतासाठी निराळी पेटी असलेली यंत्रेही आली, पण भाड्याच्या यंत्राचा फाळ किती खोल लावायचा हे ठरविण्याचा अधिकार पुष्कळदा शेतमालकाकडे न राहता चालकाकडे गेला.

जस्ताचा प्रश्नही येथे येतो. विदर्भाच्या काळ्या जमिनींत जस्ताची उणीव सर्रास आहे, आणि स्फुरद वाजवीपेक्षा अधिक झाले की पिकाला जस्त मिळेनासे होते. म्हणून 'जास्त डीएपी तितके जास्त पीक' हा हिशेब एका मर्यादेपलीकडे उलटतो. शिवाय दाण्यात गेलेल्या स्फुरदाचा मोठा हिस्सा फायटिक आम्लाच्या रूपात साठतो, जे मनुष्याच्या पोटात पचत नाही आणि जाताना जस्त व लोह यांनाही बांधून नेते. ज्वारीचे पीठ आंबवून आंबील करण्याच्या रीतीत हे बंधन सैल होते, ही गोष्ट आपल्या आज्यांना रसायनशास्त्र न शिकताही साधली होती.

नेरच्या परिसरात आता ज्वारीच मुळात थोडी उरली आहे. सोयाबीन आले, कडब्याची गरज असलेली बैलजोडी गोठ्यातून गेली, आणि जी काही ज्वारी कोणी पेरली तिच्यावर रानडुकरांनी आणि पाखरांनी ताव मारला. त्यामुळे तृणधान्य म्हणजे ओलिताची सोय असलेल्यांचा गहू, असेच बहुतेक वावरांचे चित्र आहे. या बदलात एक जुनी जोडीही मोडली. ज्वारीत तुरीच्या तासांची पेरणी ही केवळ दोन पिकांची सोय नव्हती. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९९० साली दाखवून दिले, की तुरीच्या मुळांतून पिसिडिक आम्ल स्रवते आणि ते तांबड्या जमिनीत लोहाला बांधलेले स्फुरद मोकळे करते. आणि काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत चुन्याने धरलेले स्फुरद विरघळवण्यात हरभऱ्याच्या मुळांतून स्रवणारे सायट्रिक आम्ल विशेष वाकबगार आहे. हरभऱ्याच्या पानांवरची आंब जिभेला लागते, मुळांकडचे आम्ल दिसत नाही, इतकेच. सोयाबीनमागून गव्हाऐवजी एखाद्या वर्षी हरभरा घेणाऱ्याने मातीतल्या पडून राहिलेल्या स्फुरदाला हात घातला असे समजावे. स्फुरद विरघळविणाऱ्या जिवाणूंची पाकिटे बाजारात मिळतात, त्यांचाही उपयोग याच जातीचा, परंतु अधिक बेभरवशाचा. जेथे सेंद्रिय कर्बच उरलेला नाही तेथे त्यांनी जगावे कशावर?

अलीकडे नॅनो डीएपीच्या बाटलीचाही बोलबाला झाला आहे. २०२३ साली बाजारात आलेल्या या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत १६ टक्के स्फुरद, म्हणजे ८० ग्रॅम आहे. गोणीत आहे २३ किलो. पानांवर फवारलेले ग्रॅम मातीत पेरलेल्या ग्रॅमपेक्षा अधिक उपयोगी पडतात हे मान्य करूनही, दाण्यावाटे शेतातून जाणारे स्फुरद, जे दहा क्विंटल गव्हामागे मूलद्रव्याच्या हिशेबाने तीन-साडेतीन किलो असते, ते ८० ग्रॅमने कसे भरून निघणार, याचे समाधानकारक उत्तर माझ्या वाचनात आलेले नाही. तूट शेवटी जमिनीच्याच खात्यावर पडेल.

आणि जमिनीचे खाते हे आपल्या देशाचे एकमेव स्वतःचे खाते आहे म्हटले तरी चालेल. जगातील ज्ञात रॉक फॉस्फेटचा सुमारे ७० टक्के साठा एकट्या मोरोक्कोच्या ताब्यात आहे; आपल्याकडे उदयपूरजवळची झामरकोटडा आणि मध्य प्रदेशातील काही खाणी सोडल्या तर कच्चा माल, आम्ल, किंवा तयार खत, काही ना काही परदेशातून आणल्यावाचून गत्यंतर नाही. तेव्हा गेल्या तीस-चाळीस वर्षांत गोण्यांमागून गोण्या ओतून काळ्या रानात जे साचले आहे, त्याची मोजदाद न करता नवीन माल आणीत राहणे हा निव्वळ अव्यवहार होय.

मोजदाद अवघड नाही. चुनखडीच्या जमिनीतील उपलब्ध स्फुरद मोजण्याची ओल्सन पद्धत १९५४ पासून जगभर प्रचारात आहे, आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेत तिचाच आकडा छापलेला असतो. अडचण असते ती नमुन्याची. धुऱ्याजवळची, झाडाखालची, उकिरड्याच्या जागेची माती घेऊन भरलेली पिशवी ही प्रयोगशाळेची आणि स्वतःची फसवणूक आहे. उन्हाळ्यात, रान मोकळे असताना, वरचा काडीकचरा बाजूला सारून, वावरात नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणी वीतभर खोल इंग्रजी व्हीच्या आकाराचा खड्डा करावा, त्याच्या कडेची दोन बोटे जाडीची माती वरपासून खालपर्यंत खरवडावी, ती सगळी एकत्र कालवून, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकीत टाकीत अर्धा किलो उरवावी आणि सावलीत वाळवून पाठवावी. बरडाची माती आणि भारी काळी माती एकाच पिशवीत घालू नये. पत्रिका हाती आल्यावर स्फुरदापुढचा आकडा मूलद्रव्याच्या रूपात हेक्टरी १० किलोंच्या खाली असेल, तर गव्हाच्या पेरणीत शिफारशीची पूर्ण मात्रा, म्हणजे ओलिताच्या वेळेवर पेरलेल्या गव्हास साधारणतः हेक्टरी ६० किलो स्फुरद, बियाण्याखाली पेरण्यात कसूर करू नये, मग ते डीएपीचे असो की सुपर फॉस्फेटचे; आणि आकडा २५ च्या वर असेल तर मात्रा निम्म्यावर आणून, वाचलेल्या पैशांत शेणखताची एखादी गाडी आणि थोडे झिंक सल्फेट घ्यावे, व दुकानदार लिंकिंगची बाटली पुढे करू लागला तर पत्रिका त्याच्यासमोर ठेवून सरळ नाही म्हणावे.